नैराश्यावरील गोळ्या : त्रास होतो म्हणून सोडाव्या काय?

रक्तदाबाची गोळी आता घरटी एक झाली आहे. मधुमेहाचे रोगी लग्नाच्या पंगतीतही उघडपणे सांगतात, "आम्हांला साखर नको." या आजारांची कोणास लाज वाटत नाही व वाटण्याचे कारणही नाही. परंतु मनाच्या विकारावर डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की ती कपाटात कपड्यांच्या घडीखाली जाते. शेजाऱ्यांस सांगावयाचे नाही, सोयऱ्यांस कळू द्यावयाचे नाही, पुष्कळदा धाकट्या भावासही नाही. आणि अशा गुप्तपणे सुरू झालेले औषध तितक्याच गुप्तपणे बंदही होते. पट्टीतील आठ-दहा गोळ्या संपतात, उरलेल्या तशाच राहतात, आणि घरच्यांस वाटत असते की उपचार चालू आहे.

औषध असे का सुटते, याचा शोध घेतला तर बहुधा एकच उत्तर मिळते : "गोळीने बरे वाटण्याऐवजी अधिकच बिघडले." हे उत्तर खोटे नाही. नैराश्यावरील औषधांचे दुष्परिणाम खरे असतात व काहींस ते फार जाचतात. त्यांतील पुष्कळ आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतात, बाकीच्यांपैकी बहुतेकांवर उपाय आहे, आणि थोडे असे आहेत की त्यांकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये. कोणता त्रास कोणत्या प्रकारचा, हे घराघरांत ठाऊक असावे एवढ्याच हेतूने आम्ही हा विषय घेतला आहे. आम्ही वैद्य नव्हे. औषध कोणते, किती व केव्हापर्यंत, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगावे व काय विचारावे, एवढे वाचकांस या लेखातून कळले तरी पुरे.

ही औषधे आली कोठून?

प्रथम आजाराविषयी दोन शब्द. पीक बुडाले, कोणी जवळचे गेले, मुलाने दुरावा धरला, की मन खिन्न होते. तो मनुष्यस्वभाव आहे, रोग नव्हे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसभर मन जड राहणे, कशातच गोडी न वाटणे, पहाटे तीन वाजता जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, अन्न नकोसे होणे, अंगात त्राण नसणे, "मी सर्वांस भार झालो" असे वाटत राहणे, ही नैराश्याची लक्षणे होत. यात आळस नाही, व श्रद्धा कमी पडली असेही नाही. या आजाराने मोठे भाविक व मोठे कष्टाळू लोकही अंथरुणास खिळतात.

या आजारावरील पहिली औषधे योगायोगानेच हाती आली. 1952 च्या सुमारास न्यूयॉर्क शहरातील सी व्ह्यू या क्षयरोग्यांच्या रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचे क्षयावरील औषध देण्यात येत होते. तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले की खाटेवर निपचित पडून असणारे रोगी हसू-बोलू लागले आहेत. 1957 पासून तेच औषध नैराश्यावर वापरले जाऊ लागले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथे डॉ. रोलंड कून यांना इमिप्रामिन या औषधाचा असाच गुण आढळला. त्यांनी तो 1957 मध्ये प्रसिद्ध केला.

गुणाबरोबर उपद्रवही दिसू लागले. इप्रोनियाझिडने काही रोग्यांच्या यकृतास इजा झाली व अमेरिकेत ते 1961 मध्ये मागे घेण्यात आले. त्याच वर्गातील इतर औषधे घेणाऱ्या काहींचे डोके एकाएकी भयंकर दुखू लागे व रक्तदाब चढे. कारण उमगेना. इंग्लंडमधील एका फार्मासिस्टाने मात्र निरीक्षण केले की त्याच्या पत्नीस चीज खाल्ल्यानंतरच असे होते. त्याने ते पत्राने कळविले. त्यानंतर डॉ. बॅरी ब्लॅकवेल यांनी चीज व हे औषध यांचा संबंध 1963 मध्ये दाखवून दिला. मुरलेल्या चीजमधील टायरामिन हे द्रव्य त्या औषधामुळे शरीरात नष्ट होत नसे, हे त्याचे कारण. घरातील एका माणसाने नीट पाहिले आणि पाहिलेले सांगितले, म्हणून पुढे असंख्य रोग्यांस पथ्य कळले. दुष्परिणाम डॉक्टरांस सांगणे म्हणजे कुरकुर करणे नव्हे, हे पटण्यास एवढा दाखला पुरेसा आहे.

पुढे 1987 मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन ही त्याच घराण्यातील. आज डॉक्टर बहुधा प्रथम याच वर्गातील औषध देतात, कारण जुन्यांपेक्षा ती अधिक सोसवतात. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधेही वापरात आहेत. अर्धशिशी व नसांच्या दुखण्यावर ती अल्प प्रमाणात दिली जातात.

त्रास आधी, आराम मागून

नव्या वर्गातील औषधे सेरोटोनिन या द्रव्याच्या व्यवहारावर परिणाम करतात. हे द्रव्य मेंदूत असते हे पुष्कळांनी ऐकले असेल. परंतु शरीरातील सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते. म्हणूनच गोळी मनासाठी घेतली तरी पहिली तक्रार पोट करते. मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, अस्वस्थता, झोपेची उलथापालथ हे त्रास पहिल्या काही दिवसांतच सुरू होतात. मनाचा आराम मात्र सावकाश येतो. त्याचा आरंभ बहुधा दोन ते चार आठवड्यांनी होतो व पूर्ण गुण दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागू शकतात.

भाताची लावणी करणाऱ्यांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. तरव्यातून उपटलेले रोप चिखलात लावले की प्रथम मान टाकते व पिवळे पडते. त्या चार दिवसांत कोणी "रोप मेले" म्हणून उपटून टाकीत नाही. मुळे धरली की तेच हिरवे होते. औषधाचे पहिले पंधरा दिवस असेच असतात. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी ही गोष्ट सांगितली नसेल तर आपण विचारावी : "मला कोणता त्रास होऊ शकेल, आणि तो किती दिवस राहील?"

नित्याचे त्रास व त्यांवरील उपाय

*मळमळ व पोटाचा त्रास.* गोळी अनशापोटी न घेता जेवणानंतर घ्यावी. एकदम पोटभर खाण्यापेक्षा थोडे थोडे, हलके खावे. पेज, मऊ भात, ताक चालते. तळलेले व झणझणीत काही दिवस वर्ज्य करावे. तरीही पोटात अन्न ठरेना, तर डॉक्टर प्रथम कमी मात्रा देऊन ती हळूहळू वाढवू शकतात. तसे त्यांस विचारावे.

*झोप.* एकाच औषधाने एकास झोप येते तर दुसऱ्याची उडते. झोप उडत असेल तर गोळी सकाळी, आणि दिवसा गुंगी येत असेल तर रात्री घेता येईल काय, हे डॉक्टरांस विचारून वेळ बदलावी. दुपारनंतरचा चहा कमी करावा. औषध आपणांस कसे मानवते हे कळेपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबा कापण्याचे यंत्र यांपासून दूर राहावे, नारळाच्या झाडावर चढू नये.

*तोंड कोरडे पडणे व बद्धकोष्ठ.* हे त्रास जुन्या औषधांनी विशेष होतात. घोटघोट पाणी पीत राहावे, बडीशेप किंवा आवळ्याची फोड चघळावी. गोड गोळ्या चघळू नयेत, कारण लाळ कमी असली की दात लवकर किडतात. पेरू, पालेभाज्या, उसळी जेवणात असाव्यात, रोज चालावे, गरज पडल्यास रात्री पाण्यातून इसबगोल घ्यावा.

*उठताना चक्कर येणे.* म्हाताऱ्या माणसांनी याची विशेष काळजी घ्यावी. रात्री लघवीस उठावयाचे झाल्यास प्रथम खाटेच्या कडेस मिनिटभर बसावे, मग आधार धरून उभे राहावे. परसदारी जाण्याच्या वाटेवर दिवा असावा. खुब्याचे हाड मोडल्यावर जो खर्च व जो जाच होतो, त्यापुढे एका दिव्याचा खर्च काहीच नव्हे.

*घाम व हातांचा कंप.* उन्हात काम करणाऱ्यांनी पाण्याची बाटली बरोबर ठेवावी व भर दुपारचे काम टाळावे. कंपामुळे विळा-कोयता चालविणे अवघड झाले तर तसे डॉक्टरांस सांगावे.

*वजन.* मिर्टाझापिनने भूक व झोप दोन्ही वाढतात. ज्याचे अन्न तुटले आहे त्यास याचा उपयोगच होतो. इतरांचे वजन मात्र वाढत जाते. महिन्यातून एकदा वजन करून टिपून ठेवावे. वाढ दिसू लागताच सांगावे. दहा किलो वाढल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

*भावना बोथट होणे.* काहीजण सांगतात की दुःख कमी झाले, पण आनंदही कमी झाला. सख्ख्या माणसाच्या मातीला गेलो तरी डोळ्यांत पाणी आले नाही. असे मनुष्य स्वतःस निष्ठुर समजू लागते. हा पुष्कळदा औषधाचा किंवा त्याच्या मात्रेचा परिणाम असतो, क्वचित मूळ आजार पुरता न गेल्याचेही ते चिन्ह असते. कोणते कारण आहे हे डॉक्टरच ठरवू शकतील.

*दांपत्यजीवन.* याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणूनच आम्ही मुद्दाम लिहितो. नैराश्यावरील पुष्कळ औषधांनी पतिपत्नींच्या सहवासाची इच्छा मंदावते किंवा सहवासात अडचण येते. हा दुष्परिणाम विरळा नाही, आणि मळमळीप्रमाणे तो आपोआप जाईलच असेही नाही. रोगी लाजेने सांगत नाही, डॉक्टर घाईत विचारीत नाहीत, आणि जोडीदारास वाटते की आपल्यावरील प्रेमच आटले. पुष्कळ पुरुष औषध गुपचूप सोडतात त्याचे एक मोठे कारण हेच आहे. मात्रा कमी करणे, औषध बदलणे असे उपाय डॉक्टरांपाशी आहेत. पतिपत्नींनी प्रथम एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे, आणि मग दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. विवाहाची शपथ घेताना सुखात व दुःखात, आरोग्यात व आजारात साथ देण्याचे वचन दिलेले असते. तेव्हा यात लाज कसली?

येथे वाट पाहू नये

आता थोडी लक्षणे अशी की ज्यांत "पंधरा दिवस बघू" असे म्हणू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात जावे.

पहिले लक्षण म्हणजे औषधाच्या आरंभी किंवा मात्रा बदलल्यावर येणारी विलक्षण तगमग, एका जागी बसवत नाही अशी अस्वस्थता, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार. हा धोका तरुणांत अधिक असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये मुलांविषयी व 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांविषयी तशी ताकीद दिली. यास्तव पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावे, गोळ्यांची पट्टी व शेतीची विषारी औषधे कुलपात ठेवावी, आणि असा विचार कोणी बोलून दाखविला तर त्यास एकटे सोडू नये. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही, उलट मनुष्यास बोलण्यास वाट मिळते. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनीसेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठीतही बोलता येते.

दुसरे लक्षण याच्या उलट. मनुष्य एकाएकी अति उल्हसित होतो, झोपेवाचून दिवस काढतो, अखंड बडबडतो, कर्ज काढून खर्च करतो. घरच्यांस वाटते, "गुण आला!" परंतु हा गुण नसून दुसऱ्या मनोविकाराचे चिन्ह असू शकते.

तिसरे : दुसरे एखादे औषध जोडल्यानंतर ताप, थरथर, अंग ताठरणे, जुलाब व भ्रम. ट्रामाडॉल हे वेदनाशामक, लिनेझोलिड हे जंतुनाशक, आणि खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याशी असा संयोग घडू शकतो. म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेले तरी आपली गोळी दाखवावी.

चौथे : काळे शौच किंवा न थांबणारा रक्तस्राव. अंगदुखीवर दुकानातून घेतलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या किंवा ॲस्पिरिन यांच्या जोडीने हा धोका वाढतो.

पाचवे : वृद्ध माणसास एकाएकी भ्रम होणे, तोल जाणे, फार सुस्ती येणे. या औषधांनी रक्तातील सोडियम कधी कधी घटते व ते रक्ततपासणीवाचून कळत नाही. तसेच जुन्या औषधांनी लघवी अडणे, डोळा तीव्र दुखून दृष्टी अंधुक होणे किंवा छाती धडधडणे, हेही तातडीनेच दाखवावे.

एकाएकी सोडू नये

त्रास झाला म्हणून जसे एकाएकी सोडू नये, तसेच बरे वाटले म्हणूनही सोडू नये. काही आठवडे घेतलेले औषध अचानक थांबविले की चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव असे त्रास उद्भवतात. पॅरॉक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन यांनी ते विशेष होतात. फ्लुओक्सेटिन शरीरात दीर्घकाळ रेंगाळत असल्याने त्याने कमी होतात. या त्रासावरून लोक म्हणतात, "बघा, गोळीचे व्यसन लागले." हे व्यसन नव्हे. व्यसनात मात्रा वाढवीत जाण्याची हाव असते. येथे तशी हाव नसते, शरीरास फक्त सवय मोडण्यास वेळ हवा असतो. म्हणून डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. काहींस त्यास कित्येक महिने लागतात.

बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने औषध चालू ठेवण्यास डॉक्टर सांगतात, कारण त्या काळात आजार उलटण्याचा संभव अधिक असतो. ज्यांस तो पूर्वीही होऊन गेला आहे त्यांस याहून अधिक काळ घ्यावे लागते. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. सणाच्या सुटीपूर्वी पट्टी मोजून ठेवावी. कामानिमित्त आखातात किंवा दूरच्या शहरी जाणाऱ्याने डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर बाळगावी. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने स्वतःच्या मनाने औषध सोडू नये व चालूही ठेवू नये; डॉक्टरांस ताबडतोब विचारावे.

मद्य, उपवास व प्रार्थना

ही औषधे चालू असता मद्य वर्ज्य करावे. फेणी असो, हुर्राक असो की सैन्यातून आलेली बाटली असो, दारू स्वतःच नैराश्य वाढविते आणि गोळीची गुंगी दुप्पट करते. लग्नाच्या मांडवात आग्रह करणाऱ्यांनीही याचे भान ठेवावे.

काही भाविक उपवासासाठी सकाळची गोळी टाळतात असे ऐकण्यात येते. पाणी व औषध यांनी कम्युनियनपूर्वीचा उपवास मोडत नाही, हा ख्रिस्तसभेचाच नियम आहे. आजाऱ्याने गोळीपूर्वी काही खाल्ले, तरी त्यास कम्युनियन घेण्यास प्रत्यवाय नाही. प्रायश्चित्तकाळातील उपवासाचे बंधनही आजाऱ्यास नाही. नोव्हेना चालू आहे म्हणून गोळी बंद करण्याची तर मुळीच आवश्यकता नाही. प्रार्थना व औषध ही एकाच माणसाच्या भल्यासाठी आहेत. एकाने दुसऱ्याची जागा मागू नये.

घरच्यांचे काम

दुष्परिणाम सोसणाऱ्यास सर्वांत मोठा आधार घरचाच. एक साधी वही करावी. तीत तारीख, गोळीचे नाव व मात्रा, झोप किती लागली, कोणता त्रास झाला, हे रोज एका ओळीत लिहावे. डॉक्टरांच्या दालनात पाच मिनिटे मिळतात, व तेवढ्यात रोग्यास काहीच आठवत नाही; वही मात्र सर्व सांगते. शक्य तर घरचे एक माणूस बरोबर जावे. बहुधा सुधारणा प्रथम घरच्यांसच दिसते. "आज पोरगी वेणी घालून बसली", "बाबा गोठ्यात जाऊन आले", अशा नोंदीही वहीत असाव्यात, कारण पहिल्या महिन्यात रोग्यास केवळ त्रासच दिसत असतो.

"गोळ्यांवर जगतोस" हे वाक्य घरात उच्चारू नये. स्वतःची गोळी शेजारणीस देऊ नये. आणि गोळीबरोबर बोलण्याचाही उपचार असतो हे विसरू नये. गोव्यातील सरकारी आरोग्यकेंद्रांत डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक नेमून प्रयोग केले. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. तरीही त्यांच्याशी बोलून, दिनक्रम हळूहळू पुन्हा बसवून, रोग्यांस स्पष्ट लाभ झाला. हे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2010 व 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रयोगात सहा ते आठ बैठकीच होत्या. ज्यांस औषध सोसवत नाही त्यांनी या मार्गाविषयी अवश्य विचारावे.

उपचारासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांचा विभाग असतो. बेळगाव भागातील लोकांस धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे, गोव्यातील लोकांस बांबोळीची. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद या शहरांतही मनोरुग्णांसाठी सरकारी रुग्णालये आहेत.

वाचकहो, आपल्या घरी अशी एखादी अर्धी राहिलेली पट्टी असेल तर ती फेकू नका, आणि इतक्या दिवसांनी त्यातील गोळी आपल्या मनाने पुन्हा घेऊही नका. ती पट्टी जशीच्या तशी घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि कोणत्या दिवशी, कोणत्या त्रासाने ती सोडली ते त्यांस सांगा. ज्यास एकट्याने जाणे अवघड वाटते त्याने आपल्या धर्मग्रामातील फादरांस सांगावे. बरोबर चालणारे कोणीतरी मिळेल.